परक्या शहरातला आपला माणूस

मित्रांनो, समजा उद्या तुम्हांला परदेशातील एखादे शहर पाहण्याची संधी मिळाली, तर तुम्ही काय कराल? बहुतेक जण आधी एक यादी करतील. अमुक मशीद, तमुक महाल, एक पूल, एक बाजार, एक संग्रहालय. मग हातात नकाशा किंवा मोबाइल घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत धावतील. प्रत्येक ठिकाणी उभे राहून फोटो काढतील आणि यादीतील नावावर खूण करतील. चार दिवसांनी घरी आल्यावर सांगतील, "शहर पाहून आलो."

माझे मत थोडे वेगळे आहे. परके शहर पाहायचे असेल, तर तिथे आपला एक तरी माणूस असावा. नातेवाईक नसला तरी चालेल, श्रीमंत नसला तरी चालेल. पण तो त्या शहरात वाढलेला असावा आणि त्याला आपल्याविषयी आपुलकी असावी. इमारती पुस्तकातही पाहता येतात. त्या इमारतींच्या सावलीत लोक कसे जगतात, हे मात्र पुस्तक सांगत नाही. हे मी कुठे शिकलो, ते आता सांगतो.

मी मालेगावचा. दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलो आणि पुढे कॉलेजसाठी पुण्याला गेलो. पुण्यात इराणमधून पुष्कळ विद्यार्थी शिकायला येत. त्यांपैकी एक जण माझ्या वसतिगृहात शेजारच्या खोलीत राहत असे. तो इस्फहान शहराचा. त्याला मराठी येत नव्हती, मला फारसी येत नव्हती. पण पहिल्याच दिवशी आमची गंमत झाली. मी दुकानदाराकडे 'कागद' मागितला आणि तो चमकून माझ्याकडे पाहू लागला. मग आम्ही दोघांनी मोजायला सुरुवात केली. बाजार, दुकान, शहर, जमीन, दरवाजा, पडदा, बाग, गुलाब, पसंत. मराठीत रोज वापरतो ते किती तरी शब्द त्याच्या भाषेतून आलेले निघाले. तुम्ही उर्दू शिकता, त्यामुळे तुम्हांला याचे फार नवल वाटणार नाही. पण शब्द सारखा असला म्हणजे अर्थही सारखा असतो असे नाही. एकदा तो म्हणाला, "माझ्या धाकट्या भावाला शाळेतून रोज फार तकलीफ देतात." मला वाईट वाटले. मी विचारले, "शिक्षक मारतात का?" तो पोट धरून हसला. फारसीत शाळेच्या गृहपाठाला 'तकलीफ' म्हणतात! (तुमच्यापैकी काहींना हा अर्थच जास्त बरोबर वाटेल, हे मला ठाऊक आहे.)

एका सुट्टीत मी त्याला मालेगावला घेऊन आलो. माझ्या गावात परदेशी माणसाला दाखवण्यासारखे काय आहे, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नव्हती. मी त्याला किल्ला दाखवला. मोसम नदीचा पूल दाखवला. तो शांतपणे "छान, छान" म्हणत राहिला. मग त्याने विचारले, "रात्रभर तो खटखट आवाज कसला येत होता?" मी ओशाळून म्हणालो, "ते यंत्रमाग. त्यात पाहण्यासारखे काही नाही." पण त्याला तेच पाहायचे होते. शेवटी मी त्याला माझ्या मामूंच्या कारखान्यात नेले. तो तिथे तासभर उभा राहिला. धागा तुटला की कामगार तो कसा जोडतो, हे त्याने पाहिले. एका कामगाराला त्याने विचारले, "तुमची पाळी किती तासांची?" तो म्हणाला, "बारा तास." हे मी मध्ये उर्दूतून सांगत होतो. मित्रांनो, मी त्या गल्लीत जन्मलो. तो आवाज ऐकत मोठा झालो. पण त्या माणसाला हा प्रश्न मी स्वतः कधी विचारला नव्हता.

तेव्हा स्थानिक माणसाला आपले गाव पूर्ण कळते असे समजू नका. त्याला ते इतके जवळ असते की पुष्कळ गोष्टी दिसतच नाहीत. पाहुणा प्रश्न विचारतो, तेव्हा यजमानालाही आपले गाव दिसू लागते. म्हणून मित्राबरोबर शहर पाहणे म्हणजे त्याने दाखवायचे आणि आपण पाहायचे, एवढेच नसते.

पुढे शिक्षण संपवून तो आपल्या देशी परतला. आमचा संपर्क राहिला. अखेर २०१८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मी इराणला गेलो. तेहरानहून बसने इस्फहानला पोहोचायला सुमारे सहा तास लागले. बसस्थानकावर तो उभा होता. पंधरा वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते आणि माझे गळून गेले होते. दोघांनीही त्याविषयी काही बोलायचे नाही, असे न ठरवताच ठरले.

इस्फहानचे लोक आपल्या शहराला 'निस्फ-ए-जहान' म्हणतात. निस्फ म्हणजे अर्धा, हे तुम्हांला माहीतच आहे. इस्फहान पाहिले की अर्धे जग पाहिले, असा त्यांचा दावा. प्रत्येक शहराला असा थोडा गर्व असतोच. पण तेथील मोठ्या मैदानात उभे राहिल्यावर हा गर्व फारसा खटकत नाही. मैदानाचे नाव नक्श-ए-जहान. लांबी सुमारे ५६० मीटर आणि रुंदी सुमारे १६० मीटर. सफवी घराण्यातील शाह अब्बास पहिला याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस इस्फहानला राजधानी केले आणि हे मैदान वसवले. एका बाजूला शाहची भव्य मशीद, दुसऱ्या बाजूला शेख लुत्फुल्लाह मशीद, तिच्यासमोर अली कापू नावाचा महाल आणि चौथ्या बाजूला बाजाराचा दरवाजा. त्या काळी इथे चौगान म्हणजे घोड्यावरून चेंडू मारण्याचा खेळ चाले. त्याचे दगडी खांब अजून उभे होते. १९७९ साली युनेस्कोने या मैदानाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

यातली बहुतेक माहिती मला माझ्या मित्राने दिलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याला विचारले तर त्याने हात हलवून सांगितले, "शाहची मशीद ना? असेल पाचशे वर्षांची." शेजारी एक मार्गदर्शक काही जर्मन प्रवाशांना इंग्रजीत माहिती देत होता. त्याने सांगितले, बांधकाम १६११ साली सुरू झाले. म्हणजे माझ्या मित्राने शंभर वर्षांची चूक केली होती! त्याच मार्गदर्शकाने आणखी एक गोष्ट दाखवली. मशिदीचा दरवाजा मैदानाच्या रेषेत आहे, पण आत गेल्यावर इमारत तिरकी वळते. कारण मैदानाची दिशा एक आणि किब्ल्याची दिशा दुसरी. हे वळण कारागिरांनी इतके सफाईने घेतले आहे की चालणाऱ्याला ते जाणवत नाही. माझा मित्र या मशिदीत शेकडो वेळा आला होता; पण हे त्यानेही त्या दिवशी प्रथमच ऐकले.

म्हणून कोणी म्हणाले की, इतिहास समजून घ्यायला शिकलेला मार्गदर्शक मित्रापेक्षा बरा, तर मी वाद घालणार नाही. सनावळी, राजे, शिल्पकला यांसाठी त्याच्याकडे जावे किंवा आधी घरी पुस्तक वाचून जावे. मित्राकडून ती अपेक्षा करू नये. मित्राने काय केले? त्याने मला मोठ्या घुमटाखाली नेले, जमिनीतल्या एका काळ्या फरशीवर उभे केले आणि म्हणाला, "टाळी वाजव." मी टाळी वाजवली. वरून आवाज परत आला, पुन्हा आला, पुन्हा आला. तो म्हणाला, "लहानपणी अब्बा मला इथे आणायचे. मी टाळ्या वाजवून वाजवून हात लाल करायचो." तो घुमट किती उंच आहे हे मी नंतर वाचले, पन्नास मीटरहून अधिक. पण माझ्या लक्षात राहिला तो त्या मुलाचा लाल हात.

आता माझ्या फजितीची गोष्ट ऐका. बाजारात मी 'गझ' नावाची मिठाई घेतली. इस्फहानची ही मिठाई प्रसिद्ध आहे. पांढरी, चिवट आणि पिस्त्यांनी भरलेली. माझा मित्र थोडा मागे कोणाशी बोलत होता. मी दुकानदाराला किंमत विचारली. म्हाताऱ्या दुकानदाराने छातीवर हात ठेवला आणि हसून म्हटले, "काबिल नदारे." 'काबिल' हा शब्द मी ओळखला. 'ही वस्तू तुमच्या योग्यतेची नाही, तशीच घेऊन जा,' असा त्याचा भाव होता. मला गहिवरून आले. परदेशी पाहुण्यावर केवढे हे प्रेम! मी दोन्ही हात जोडले, तीन वेळा शुक्रिया म्हटले, डबा पिशवीत टाकला आणि चालू लागलो.

वीस पावले गेलो असेन. मागून माझा मित्र धावत आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तू पैसे दिलेस का?" मी म्हणालो, "ते घेत नाहीत." त्याने कपाळावर हात मारला. तो परत दुकानात गेला. तिथे दोघांचे बराच वेळ बोलणे झाले. दुकानदार नको नको म्हणत होता, हा आग्रह करत होता. तिसऱ्यांदा आग्रह झाल्यावर म्हाताऱ्याने पैसे घेतले आणि मला हात हलवून निरोप दिला.

इराणमध्ये या रीतीला 'तआरुफ' म्हणतात. उर्दूत या शब्दाचा अर्थ ओळख करून देणे असा आहे. तिथे मात्र त्याचा अर्थ शिष्टाचार, आपल्या भाषेत तकल्लुफ. दुकानदार पैसे नको म्हणतो, टॅक्सीवाला नको म्हणतो, आणि ते खरोखरच नको असतात असे नाही. आपण आग्रह करायचा असतो. पाहुण्यानेही जेवणाला लगेच हो म्हणायचे नसते. एक-दोनदा नाही म्हणून मग हो म्हणायचे. तुम्ही लखनौच्या 'पहले आप'चे किस्से ऐकले असतील. त्याच घराण्यातली ही रीत समजा. पण मित्र नसता तर काय झाले असते? एक म्हातारा माणूस मनात म्हणाला असता, "हिंदुस्थानी माणसाने मिठाई फुकट नेली." आणि मी मालेगावला येऊन सांगितले असते, "इस्फहानचे दुकानदार पैसेच घेत नाहीत." दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतो आणि दोघेही चुकत असतो. माझ्या मते मित्राचा सर्वांत मोठा उपयोग हाच. तो रस्ता दाखवतो म्हणून नव्हे, रस्ता आता मोबाइलही दाखवतो. आपल्या हातून कोणाचा नकळत अपमान झाला, तर तो धावत जाऊन दुरुस्त करतो.

पैशांचीही तिथे गंमत होती. नोटेवर छापलेले असत रियाल आणि बोलताना लोक म्हणत तुमान. एक तुमान म्हणजे दहा रियाल. त्यात हजार हा शब्दही लोक गाळून टाकत. टॅक्सीवाला "पंधरा" म्हणाला, तर त्याचा अर्थ पंधरा हजार तुमान, म्हणजे नोटांवर दीड लाख! माझे गणित वाईट नाही. पण त्या चार दिवसांत मी माझे पाकीट सरळ मित्राच्या हाती दिले.

खाण्याविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. मी हट्ट धरला की मला इस्फहानची बिर्याणी खायची आहे. आपली बिर्याणी मूळ त्यांच्याकडून आली असे मी ऐकले होते. मित्र गालातल्या गालात हसला आणि मला एका गर्दीच्या दुकानात घेऊन गेला. समोर आली ती गरम रोटी आणि तिच्यावर लहानशा तव्यात भाजलेल्या खिम्याची टिकिया. दालचिनीचा वास, बाजूला कांदा आणि तुळशीसारखा हिरवा पाला. तांदळाचा एक दाणाही नाही. फारसीत 'बिर्यान' म्हणजे भाजलेले. तेव्हा नाव अगदी बरोबर होते, माझी समजूत चुकीची होती. पदार्थ उत्तम होता. तरीही, रागावू नका, पण बिर्याणी ती आपलीच.

त्याच्या घरी मी तीन रात्री राहिलो. पहिल्या संध्याकाळी त्याच्या आईने फोनवर सांगितले होते, "साधेच आहे, रोटी आणि दही." घरी गेलो तर दस्तरख्वानावर जागा उरली नव्हती. इथे मला इब्न बतूताची आठवण झाली. हा मोठा प्रवासी १३२५ साली मोरोक्कोतील टांजियर या गावाहून निघाला आणि दोनेक वर्षांत इस्फहानला पोहोचला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात इथल्या लोकांची हीच सवय लिहून ठेवली आहे. 'नान आणि मास्त' खायला चला म्हणतात, म्हणजे रोटी आणि दही, आणि प्रत्यक्षात नाना पक्वान्ने समोर मांडतात. जवळजवळ सातशे वर्षे झाली. राज्ये गेली, राजधान्या बदलल्या. दह्याची थाप तशीच राहिली.

मी अम्मींसाठी (त्यांना मी अम्मीच म्हणू लागलो होतो) आपला चहा आणि वेलदोडे नेले होते. त्यांच्याकडे चहात दूध घालत नाहीत. मी उत्साहाने स्वयंपाकघरात जाऊन आपल्या पद्धतीचा दाट, गोड, दुधाचा चहा केला. अम्मींनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "फार छान, पिसरम." पिसर म्हणजे मुलगा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेला तसाच भरलेला मला खिडकीत दिसला. तोवर मला तआरुफ कळू लागले होते. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी मित्राला जुल्फा मोहल्ल्यात घेऊन चल म्हटले. शाह अब्बासने सतराव्या शतकाच्या आरंभी अरस नदीकाठच्या जुल्फा गावातील आर्मेनियन ख्रिस्ती लोकांना आणून इथे वसवले. ते स्वखुशीने आले नव्हते, त्यांना घरेदारे सोडावी लागली, हेही विसरता कामा नये. पण इथे त्यांनी आपले चर्च बांधले. वांक नावाच्या त्या चर्चचा घुमट बाहेरून मशिदीच्या घुमटासारखा दिसतो आणि आत भिंतींवर येशूच्या जीवनातील रंगीत चित्रे आहेत. तिथल्या संग्रहालयात जुन्या छपाईचे साहित्य ठेवलेले आहे. १६३०च्या दशकात या लोकांनी इराणमध्ये पहिला छापखाना चालवला. माझा मित्र तिथे शाळेच्या सहलीनंतर एकदाही गेला नव्हता. घरापासून चर्च तीन किलोमीटरवर होते. तो तिथे माझ्यापेक्षा जास्त वेळ रेंगाळला. परतताना म्हणाला, "तू मालेगावला यंत्रमाग पाहिलेस ना, तसे झाले."

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इस्फहानच्या चित्रांत तुम्ही एक पूल पाहिला असेल. पाण्यात उतरलेल्या कमानी आणि रात्री त्यांचे सोनेरी प्रतिबिंब. त्याचे नाव सी-ओ-से पुल. 'सी' म्हणजे तीस, 'से' म्हणजे तीन. कुराणाच्या तीस भागांपैकी एकाला आपण सिपारा म्हणतो, त्यातला 'सी' तो हाच. तेहेतीस कमानींचा हा पूल १६०२च्या सुमारास पूर्ण झाला; त्याची लांबी जवळजवळ तीनशे मीटर. तो झायंदे रूद या नदीवर आहे. झायंदे रूद म्हणजे जीवन देणारी नदी. मी घरून निघाल्यापासून या पुलाची वाट पाहत होतो. मित्र मात्र पहिल्या दिवशी टाळत होता. "उद्या जाऊ," म्हणत होता. शेवटी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मला घेऊन गेला.

नदीत पाणी नव्हते. एक थेंबही नव्हता. कमानींच्या खाली भेगा पडलेली जमीन होती. मुले पात्रात चेंडू खेळत होती. एक माणूस पात्रातूनच सायकलवरून या काठाहून त्या काठाला चालला होता. काठावर पाय बांधणीच्या होड्या ओळीने पडून होत्या. त्यांचा आकार हंसांसारखा होता आणि त्यांच्यावर धूळ साचली होती.

मी काय बोलावे हे मला सुचेना. मित्र म्हणाला, "मला वाटले होते, तू चित्रच आठवणीत ठेवावेस." मग तो पुलाच्या पायरीवर बसला आणि सांगू लागला. पाऊस कमी झाला हे खरे; पण तेवढेच कारण नाही. वरच्या बाजूला पाणी अडवले आहे, कारखान्यांना दिले आहे, नळाने यझ्द शहराकडे नेले आहे, शेतीसाठी विहिरी खोदल्या आहेत. अधूनमधून धरणातून थोडे दिवस पाणी सोडतात. त्या दिवशी सारे शहर नदीवर येते. लोक मिठाई वाटतात. "नदीला पाणी आले म्हणून मिठाई! असे कुठे पाहिलेस का?" मी त्याला म्हणालो, "आमची मोसम उन्हाळ्यात अशीच कोरडी असते." तो म्हणाला, "हो, मी पाहिली होती. तेव्हा तू मला पुलावरून घाईने पुढे नेलेस."

ते खरे होते. मी त्याला घाईने पुढे नेले होते.

पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये इस्फहानचे शेतकरी याच कोरड्या पात्रात पाण्याच्या मागणीसाठी तंबू ठोकून बसले. हजारो शहरवासी त्यांच्या बाजूने तिथे जमले. शेवटी त्यांना बळाने हटवण्यात आले. ती बातमी मी मालेगावात वाचली, तेव्हा तो पूल, ती पायरी आणि त्या धुळीच्या होड्या माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. माहितीपत्रकातील चित्र पाहून आलेल्या प्रवाशाला ती बातमी कळली नसती. त्याला वाटले असते, एवढी पाण्याने भरलेली नदी असताना हे लोक भांडतात कशासाठी?

काही लोक म्हणतात, मित्राबरोबर फिरले की आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहतो. तो दाखवील तेच दिसते आणि तो लपवील ते दिसत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. माझ्या मित्रानेही दोन दिवस नदी लपवलीच होती. माणूस आपल्या घराची पुढची खोली आधी दाखवतो. मीही मालेगावला तेच केले. पण जो मित्र असतो, तो तिसऱ्या दिवशी मागची खोलीही उघडतो. पैसे घेऊन दाखवणाऱ्याला तसे करण्याचे कारण नसते.

आणखी एक गोष्ट पाहुण्याने ध्यानात ठेवली पाहिजे. यजमानाला आपले कामधंदे असतात. माझ्या मित्राने माझ्यासाठी चार दिवस रजा घेतली होती, हे मला त्याच्या भावाकडून कळले. तो स्वतः सांगणे शक्यच नव्हते. म्हणून चौथ्या दिवशी मी मुद्दाम म्हटले, "आज मी एकटाच फिरतो." तो नको म्हणाला. मी तिसऱ्यांदा आग्रह केला, तेव्हा तयार झाला. (तआरुफ असेही उपयोगी पडते.) त्या दिवशी मी खूप भटकलो आणि दोनदा रस्ता चुकलो. रस्त्यावरचे आकडे उर्दूसारखेच असल्याने बस सापडली. एका भट्टीवर संगक नावाची रोटी घेतली. ती तापलेल्या बारीक दगडांवर भाजतात. संग म्हणजे दगड, हे तुम्ही ओळखले असेलच. पैसे देताना भट्टीवाला हसून म्हणाला, "काबिल नदारे." मी छातीवर हात ठेवला, मान लववली आणि नोट पुढे केली. त्याने नाही म्हटले. मी पुन्हा पुढे केली. त्याने पुन्हा नाही म्हटले. तिसऱ्यांदा त्याने ती घेतली. कोणत्याही परीक्षेत पास झाल्याचा मला इतका आनंद झाला नव्हता.

संध्याकाळी ख्वाजू नावाच्या दुसऱ्या जुन्या पुलाखाली गेलो. तिथे कमानींखाली काही वयस्क माणसे उभी राहून आळीपाळीने गात होती. गाण्याला दगडातून सुंदर घुमारा येत होता. खाली नदी कोरडी होती आणि तरी ती गात होती. एकाने मला जवळ उभे करून घेतले. मला शब्द पुरते कळले नाहीत. 'दिल' आणि 'यार' तेवढे कळले.

जून २०२५ मध्ये इराणवर हल्ले झाले. इस्फहानचेही नाव बातम्यांत आले. आमच्या मोहल्ल्यात चहाच्या दुकानावर लोक टीव्ही पाहत बोलत होते. कोणी इकडून बोलत होता, कोणी तिकडून. मी नकाशात दिसणाऱ्या त्या ठिपक्याकडे पाहत होतो आणि मला दिसत होती ती एक खिडकी आणि तिच्यात ठेवलेला दुधाच्या चहाचा पेला. मी निरोप पाठवले. तिथले इंटरनेट बंद पडले होते. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. घरी बायको विचारायची, "काही कळले का?" मी मान हलवायचो.

नंतर एका पहाटे फोन वाजला. त्याचा आवाज होता. सारे सुखरूप होते. अम्मींची तब्येत ठीक होती. थोडा वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग तो म्हणाला, "अम्मी विचारत आहेत, त्या गझच्या डब्याचे पैसे तू मला अजून दिले नाहीस ना?"

मी म्हणालो, "किती झाले सांग, लगेच पाठवतो."

तिकडून त्यांचा स्वतःचा आवाज आला, "काबिल नदारे, पिसरम."